टाकळघाटचे मणी आणि झिलईचा इतिहास

व्यक्तिरेखेला ‘पैलू पाडणे’, शैलीला ‘झिलई देणे’ हे शब्दप्रयोग आपल्या समीक्षेत इतके गुळगुळीत झाले आहेत की त्यांच्यामागचा दगड आणि कारागीर आता कुणाला आठवत नाही. तो आठवण्यासाठी बुटीबोरीइतके योग्य ठिकाण नाही, असे म्हटले तर आश्चर्य वाटेल. बुटीबोरी म्हणजे औद्योगिक वसाहत, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण तिच्या जवळच्या टाकळघाट आणि खापा या गावी नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये उत्खनन केले आणि १९७० मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. टाकळघाटला महापाषाणयुगीन लोकांची वस्ती होती, खाप्याला त्यांची दफनाची शिळावर्तुळे. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाचा. मृतांसोबत लोखंडी हत्यारे पुरलेली होती, तसेच तांबड्या अकीकाचे, म्हणजे कार्नेलियनचे, मणीही होते. अशा काही मण्यांवर पांढऱ्या रेघांची नक्षी दिसते. ती कोरलेली नसते. क्षारयुक्त द्रावाने रेघा काढून मणी तापवला की तेवढाच भाग पांढरा पडतो.

हा अकीक मूळचा काळ्या पाषाणातला. लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत तो साकळतो आणि त्याच पोकळ्यांत कॅल्साइट, झिओलाइट यांसारखे मऊ स्फटिकही वाढतात. खडक झिजला की मऊ सोबती लवकर फुटतात, विरघळतात. अकीक मात्र ओढ्या-नद्यांतून गडगडत गोटा होतो. म्हणजे पहिली झिलई नदीनेच दिलेली असते.

आज हौसेने छोटा फिरता डबा विकत घेणाऱ्या नवशिक्याला हीच गोष्ट ठेच लागून कळते. मोह्‌सच्या मापनात अकीकाची कठीणता साडेसहा-सात, फ्ल्युओराइटची चार, कॅल्साइटची तीन. सगळे एकत्र फिरवले तर कठीण दगड मऊ दगडांना ओरबाडतो आणि आठवड्याने हाती चुरा येतो. मऊ खडे वेगळे ठेवावे लागतात, त्यांच्यात प्लॅस्टिकचे दाणे मिसळून आघात कमी करावा लागतो, भरड भुकटी टाळावी लागते. हडप्पाकालीन कारागिरांनी याच अडचणीतून वेगळी वाट काढली होती. नखानेही ओरखडा उठावा इतका मऊ संगजिरा ते आधी घडवत आणि मग भाजून कठीण करत.

डबा यंत्राचा असला तरी कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या खंबायतच्या वर्णनांत मणी, कुरुंदाची पूड आणि अकीकाची भुकटी कातड्याच्या पिशवीत घालून, ती ओली ठेवून, दोन माणसे दहा-पंधरा दिवस पुढे-मागे ओढत. अशी पिशवी विदर्भात कुणी ओढली असेल तरी कातडे मातीत कुजते. राहतो तो मणी, आणि मण्यावर माणसाच्या श्रमाची एकही खूण राहू नये हेच झिलईचे काम. म्हणून तयार मणी इतिहासाला फार थोडे सांगतो. नागपूरच्या वायव्येस असलेल्या माहूरझरीला अर्धवट घडवलेले मणी, फुटलेले तुकडे, छिलके यांचा पसारा मिळाला, तेव्हा कुठे मणी बनवणारा माणूस अभ्यासाच्या कक्षेत आला. त्याआधी लक्ष वेधले होते ते दफनातल्या घोड्याच्या तांब्याच्या अलंकारांनी. साहित्याच्या इतिहासातही आपण असेच करतो, पण ते असो.

खंबायतचा उल्लेख केवळ पद्धतीसाठी केलेला नाही. विजेवर फिरणाऱ्या सहाणेवर अकीक कोरडा घासला की सिलिकाची धूळ उडते आणि फुप्फुसात साठते. तिथल्या कारागिरांमधला सिलिकोसिस हा वैद्यकशास्त्राने नोंदलेला, बरा न होणारा आजार आहे. पिशवीतली ओली भुकटी हवेत उडत नव्हती. माणसे थकत असतील, पण तिने श्वास कोंडत नव्हता. वेग वाढला आणि झिलईची किंमत बोटांवरून छातीवर गेली.

विदर्भातल्या शिळावर्तुळांचे दगडही आता शेतीत, खाणींत आणि रस्त्यांखाली जात आहेत. त्यांच्या पोटात अजून मणी असतील. त्याहून मोलाचे असे, कुणाच्या हातून फुटलेले अर्धे मणी वस्तीच्या मातीत असतील, आणि जेसीबीच्या फावड्याला ती निव्वळ गारगोटी वाटेल.