चाकोरी आणि चाक

घुग्घुसच्या चौकात सकाळी अर्धा तास उभे राहिले, की चाकांचे नाना प्रकार डोळ्यांसमोरून जातात. कोळशाचा टिप्पर जातो, सिमेंटचा ट्रक जातो, वर्धा नदीपलीकडच्या वणी तालुक्यातून आलेला ट्रॅक्टर जातो. त्यांच्या मधून वाट काढत अजूनही एखादी बंडी येते. माझे आयुष्य इथल्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये टायर उतरवण्या-चढवण्यात गेले. त्यामुळे निवृत्तीनंतरही गावातली तरुण मुले मला गाठून विचारतात, "काका, गाडीले मोठे टायर टाकू का? चिखलात, जंगलात चालन ना?"

प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर शिकायला मला मात्र एक पोळा खर्ची घालावा लागला. तो प्रसंग सांगण्याआधी बंडीपासून सुरुवात करतो.

जुन्या बंडीचे चाक माणसाच्या छातीला लागेल एवढे उंच आणि रुंदीला जेमतेम दोन-तीन बोटे. मधे तुंबा, त्यातून निघालेले बाभळीचे आरे, त्यांच्या टोकांवर लाकडी घेर आणि घेरावर लोखंडाची धाव. लोहार ही धाव चाकापेक्षा किंचित लहान करायचा. गोवऱ्यांच्या जाळात लाल झाली की ती फुगायची. मग चाकावर ठोकून बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. थंड होताना ती आकसायची आणि चाकाचे सगळे सांधे आवळून धरायची.

चाक एवढे उंच का? दगड किंवा बांध ओलांडताना चाकाची उंची कामाला येते. लहान चाक ज्या दगडाला अडते, त्यावर मोठे चाक सहज चढते. मग अरुंद का? आपली काळी माती पावसात फुगते आणि गुळासारखी चिकटते. पण पुष्कळ पांदणींत हातभर खाली मुरूम लागतो. अरुंद चाक वरचा चिखल कापत त्या मुरमापर्यंत पोचते आणि त्यावर टेकून पुढे सरकते. पिढ्यान्‌पिढ्या त्याच रेषेवरून चाके गेली की चाकोरी पडते. एरवी आपण चाकोरी हा शब्द कंटाळवाण्या आयुष्यासाठी वापरतो. पांदणीत मात्र चाकोरी म्हणजे खालचा टणक थर कुठे आहे, याची वाडवडिलांनी ठेवलेली खूण असते.

पांदणीत उपयोगी पडणारी हीच धाव पक्क्या रस्त्याच्या मुळावर आली. सगळे ओझे लोखंडाच्या बारीक पट्टीवर, त्यामुळे खडीचे पीठ व्हायचे. त्यात मोटारी वाढल्या आणि रस्त्यांची दैना झाली. तेव्हा १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली देशाच्या रस्त्यांसाठी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९२८ मध्ये आला. त्यातून पुढच्याच वर्षी पेट्रोलवरच्या करातून रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. डिसेंबर १९४३ मध्ये आपल्या नागपुरात देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तिथे वीस वर्षांची योजना आखली गेली. विकसित शेतीच्या भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा दूर असू नये, हे तिचे एक उद्दिष्ट होते.

उद्दिष्ट फार मोठे होते. तरीही ५ मैल म्हणजे ८ किलोमीटर. ज्या गावाला तेवढे अंतर उरले, त्याने पावसाळ्यात ते कोणत्या चाकावर काटायचे, हा प्रश्न उरलाच. बंडीला हवेचे टायर आले. ६.००-१९, ७.००-१९, ८.००-१९ हे त्यांचे आकार. बैलांचे ओढण्याचे श्रम कमी झाले, रस्ताही वाचला. खोल चिखलात मात्र जुने शेतकरी लाकडी चाकालाच मानायचे.

दुसरे उत्तर युद्धातून आले. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ६.००-१६ आकाराचे टायर होते. यातला पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. या जुन्या टायरची उंची साधारण रुंदीएवढीच धरायची. म्हणजे वर ६, खाली ६ आणि मधे १६ मिळून चाक सुमारे २८ इंचांचे झाले. लष्करी टायरची नक्षीही विचारपूर्वक केलेली होती. टायर कोणत्याही बाजूने चढवला तरी चाले, आणि गाडी मागे घेतानाही पुढे जातानाइतकीच पकड मिळे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत माझगावला या जीपची जुळणी सुरू केली आणि ती वनखात्यापासून तहसील कचेरीपर्यंत सगळीकडे पोचली. आपल्याकडच्या कितीतरी ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकांनाही हाच ६.००-१६ आकार असतो. पुढचे अरुंद चाक चिखल कापते आणि वळण धरते, तर ओढण्याचे काम मागची १२.४-२८ किंवा १३.६-२८ आकाराची रुंद, दातेरी चाके करतात. दोन कामांसाठी दोन आकार, आणि तेही एकाच यंत्रावर.

आता खाणीत चला. ३५ टनी डंपरला १८.००-३३ आकाराचा टायर लागतो, तो माणसापेक्षा उंच असतो. १०० टनी डंपरचा २७.००-४९, तो तर जवळपास पावणेतीन मीटर उंच. पाहुणे आले की त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि म्हणतात, "हा कुठेही जाईल!" खरे म्हणजे हा टायर चिखलासाठी नसतोच, तो ओझ्यासाठी असतो. डंपरसाठी खाणीत ग्रेडर फिरवून, पाणी मारून, दगड वेचून रस्ता राखावा लागतो. त्याचा मोठा शत्रू उष्णता. भरलेला डंपर लांब पल्ल्यावर जोरात पळवला, तर टायरच्या आतले थर तापून सुटतात. म्हणून तिथे टन आणि वेग यांचा हिशेब मांडून टायर निवडतात.

हे सगळे रोज हाताळणाऱ्या माणसाने तरी चूक करू नये. मी केली. जुनी जीप घेतली होती. तिचे मूळचे टायर मला काडीसारखे वाटले, म्हणून मिनी ट्रकचे ७.५०-१६ चढवले. जीप ऐटबाज दिसू लागली. चाक २८ चे ३१ इंचांवर गेले. पण चाकाची उंची ३ इंच वाढली की गाडीच्या पोटाखाली दीडच इंच मिळतात, कारण आस चाकाच्या मधोमध असतो. पूर्ण वळवताना टायर मडगार्डला घासू लागला. चाक मोठे झाल्याने पहिला गिअरही जड झाला. तेही मी चालवून घेतले.

१९९१ चा पोळा. आई वणी तालुक्यात मामांकडे गेली होती. ती तापाने फणफणली असल्याचा निरोप आला, म्हणून भर पावसात जीप घेऊन निघालो. जाताना कसाबसा पोचलो. आईला मागच्या सीटवर निजवून परत निघालो, तर दीड किलोमीटरवर पांदणीत गाडी बसली. माझे टायर ओझे वाहण्याचे होते, त्यांच्या भिंती कडक. हवा कमी केली तरी ते दबून पसरेनात. नक्षी रस्त्यावरच्या ट्रकची, सरळ रेषांची. त्यात चिखल भरला आणि चाके घोटल्यासारखी गुळगुळीत झाली. वर जीपच्या दोन चाकांतले अंतर बंडीच्या चाकोरीशी जुळेना. एक चाक चाकोरीत, दुसरे उंचवट्यावर, आणि पोट मातीवर टेकलेले.

मामांचे शेजारी धावत आले. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. बैल सजवलेले, शिंगे रंगवलेली, पाठीवर झूल. त्यांनी क्षणभर बैलांच्या कपाळावर हात ठेवला, झूल काढली आणि बंडी जुंपली. आई त्या बंडीत, चिखलातून, त्याच चाकोरीने पक्क्या सडकेपर्यंत गेली. तिथून ट्रकवाल्याने दवाखान्यात सोडले. मलेरिया होता. उशीर झाला असता तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी मला बाजूला नेऊन सांगितले. आई शुद्धीवर आल्यावर एवढेच म्हणाली, "दिसाले लय मोठी हाये रे बापू तुही गाडी."

पुढच्याच आठवड्यात मी ६.००-१६ परत चढवले, या वेळी दातेरी नक्षीचे.

म्हणून मुलांना सांगतो, आधी जमीन विचारा. चिखलाखाली मुरूम असेल तर उंच, अरुंद, खोल दात्यांचा टायर. गडचिरोलीकडे वैनगंगेच्या किंवा इंद्रावतीच्या कोरड्या पात्रातली वाळू असेल तर रुंद टायर आणि कमी हवा. टायर दबला की पाऊल लांब होते आणि गाडी वाळूवर तरंगते. सडकेवर आल्यावर हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापतो. नुसता खडकाळ रस्ता असेल तर रिम लहान आणि टायरची भिंत उंच ठेवा, म्हणजे धक्का टायर सोसतो. २०२० च्या नव्या थारला २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ असे दोन आकार आले. यात पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये, आणि दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, हे सांगतो. हिशेब केला तर दोन्ही चाकांच्या उंचीत दीड सेंटिमीटरचाच फरक पडतो. पण सोळाच्या रिमवर रबराची भिंत जास्त मिळते. अठराचे दिसायला देखणे, दगडांत मला सोळाचे बरे वाटते. आणि कंपनीने दिलेल्या आकारापेक्षा फार मोठे चाक घातले, तर वेगाचा काटा कमी दाखवतो, ब्रेकवर ताण येतो, हेही लक्षात ठेवा.

मुले ऐकतात आणि पुष्कळदा मोठेच टायर टाकतात. मी रागवत नाही. फक्त विचारतो, "ज्या पांदणीतून जाणार, तिथली चाकोरी एकदा पायी चालून पाहिली का?"

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)