लाल सुई, पांढरा उंदीर

सोयाबीनची काढणी संपत आली की लातूर-नांदेडकडच्या गावोगावच्या दवाखान्यांत कंबर धरून आलेल्यांची रीघ लागते. दिवसभर वाकून विळा चालवलेली बाई बाकड्यावर टेकते आणि तपासायच्या आधीच सांगून टाकते, ‘डॉक्टरसाब, गोळ्या नको, सुईच द्या. ती लाल.’ काचेच्या दोन कुप्या फुटतात. एकीत पाण्यासारखं डायक्लोफेनॅक, दुखण्यावरचं. दुसरीत डाळिंबाच्या रसासारखं ‘ताकदीचं’, म्हणजे बी-१, बी-६ आणि बी-१२ ही जीवनसत्त्वं. रंग असतो बी-१२चा, कारण त्याच्या रेणूच्या मधोमध कोबाल्ट बसलेला. १९४८ साली अमेरिकेतल्या मर्क आणि इंग्लंडातल्या ग्लॅक्सो कंपनीच्या संशोधकांनी ते वेगळं काढलं, तेव्हा त्याचे स्फटिक लालच निघाले. लाल म्हणजे रक्त आणि रक्त म्हणजे ताकद, हा हिशेब मात्र पेशंटांचा. डॉक्टरांनी तो फारसा खोडला नाही, एवढंच.

जीवनसत्त्वांचं नसांशी नातं आधी कोंबड्यांनी दाखवलं. १८९०च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर बेरीबेरी या नसा दुबळ्या करणाऱ्या रोगाचा जंतू शोधत होता. त्याच्या कोंबड्या एकाएकी लडखडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीत गंमत कळली. मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पॉलिशच्या तांदळाचा भात मिळत होता; नवा आचारी आला, त्याने सरकारी भात कोंबड्यांना द्यायचं नाकारलं, आणि कोंबड्यांच्या पायांत बळ आलं. तांदळाच्या कोंड्याबरोबर जे निघून जात होतं, ते पुढे बी-१ ठरलं.

आपल्याकडे परळच्या हाफकिन संस्थेत लूसी विल्स यांनी १९२८पासून मुंबईच्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा माग काढला. माकडांवर प्रयोग करताना यीस्टपासून बनवलेल्या मार्माइटने गुण आला आणि फॉलिक ॲसिड या बी-जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट उघडली. जीवनसत्त्वं म्हणजे ताकद, हा समज अगदीच हवेतून आलेला नाही.

डायक्लोफेनॅक १९७०च्या दशकात स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी कंपनीने बाजारात आणलं. अशा औषधांची परीक्षा त्याआधीच ठरली होती: उंदराच्या पंजात समुद्रशेवाळातून काढलेलं कॅराजिनन टोचायचं आणि सूज किती चढते, किती उतरते ते बघायचं. १९८९मध्ये बार्तोझिक आणि वाइल्ड यांनी अशाच सुजवलेल्या पंजांवर दाखवलं की बी-जीवनसत्त्वं सोबत दिली तर डायक्लोफेनॅकचा वेदनाशामक परिणाम वाढतो. आशा अशी, की वेदनाशामकाचा डोस कमी करता येईल, पोट वाचेल.

माणसांवरही पडताळा झाला. ब्राझीलमध्ये कंबरदुखीच्या ३७२ रुग्णांच्या चाचणीत तीन दिवसांत गुण येऊन उपचार थांबवता आले, असे रुग्ण जोडीच्या गटात ४६.५ टक्के आणि नुसत्या डायक्लोफेनॅकच्या गटात २९ टक्के निघाले. फरक मोठा आहे. पण त्या सगळ्या होत्या गोळ्या, बाकड्यावरची बाई ज्यांना आधीच नको म्हणते त्या! आणि ही कंबर नुकतीच धरलेली होती. वर्षानुवर्षांचं गुडघ्याचं दुखणं वेगळं.

नांदेड-लातूरकडच्या फार्मसीच्या पोरांनाही वेदनेचा धडा शिकावाच लागतो. ‘हॉट प्लेट’ हा त्यातला जुना प्रयोग. साधारण ५५ अंशांवर तापवलेल्या पत्र्यावर पांढरा उंदीर ठेवायचा, स्टॉपवॉच दाबायचं. तो पंजा चाटतो किंवा उडी मारतो तो क्षण टिपायचा आणि ठरलेली सेकंदं उलटली की काहीही झालं नसलं तरी उचलून घ्यायचा, नाहीतर पाय भाजतो. १९९८च्या नियमांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांना नोंदणी आणि नैतिक समितीची परवानगी सक्तीची केली. पुढे जिपमेर या वैद्यकीय संस्थेतल्या डॉ. रवींद्रन यांनी बनवलेलं ‘एक्सफार्म’ हे संगणकावरचं सॉफ्टवेअर आलं. आता पदवीचा विद्यार्थी पडद्यावरच्या उंदराला सुई देतो.

गोठ्यात मात्र कोणी स्टॉपवॉच लावलं नव्हतं. लाल कंधारी जातीचा असो की देवणी, बैल लंगडला की डायक्लोफेनॅक, असा सरधोपट उपाय होता. २००४मध्ये उघड झालं की असं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद झालं आणि मेलॉक्सिकॅम पुढे आलं. तेही आधी गिधाडांनाच देऊन, निर्धोक आहे हे पाहून. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या. म्हणून २०१५पासून इंजेक्शन एका वेळेच्या ३ मिलीलिटरच्या कुपीतच भरायचं बंधन आलं.

तीच कुपी त्या बाकड्याशेजारच्या ट्रेमध्ये असते. डायक्लोफेनॅक दुसऱ्या औषधात मिसळू नये अशी सूचना त्यासोबत येते. मिसळलं तर पाणी गढूळ होऊ शकतं. त्यामुळे नीट देणारा डॉक्टर दोन सुया टोचतो. बाईला दुसरी जास्त आवडते.