ओंगोलचा बैल आणि ॲमेझॉनचा धूर

१/ ब्राझीलमध्ये आज वीस कोटींहून अधिक गुरे आहेत. त्यांपैकी मांसासाठी पाळलेल्या गुरांत सर्वाधिक आढळते ती पांढरी, वशिंडाची ‘नेलोर’ जात. नाव ओळखीचे वाटले ना? ते आंध्र प्रदेशातील नेल्लोरवरूनच पडले आहे. या गुरांचा आणि ॲमेझॉनच्या अरण्यातून हवेत गेलेल्या कर्बाचा संबंध काय, हे या धाग्यात पाहू.

२/ ही मूळची ओंगोल गुरे. आपल्या खिलारांप्रमाणेच ती ओढकामासाठी नावाजलेली. एकोणिसाव्या शतकापासून ती ब्राझीलला जाऊ लागली. पाठोपाठ गुजरातची गीर आणि कांकरेजही गेली. उष्ण हवा आणि गोचिडांपुढे युरोपीय गुरे नमत, ही तग धरत. येथे नांगराला जुंपलेले जनावर तेथे मांसासाठी वाढू लागले.

३/ परंतु गुरे आपल्या पायांनी अरण्यात शिरली नाहीत. १९६४ साली ब्राझीलमध्ये लष्करी राजवट आली. १९६६ मध्ये तिने ॲमेझॉनच्या विकासासाठी ‘सुदाम’ ही संस्था स्थापली. त्या प्रदेशात भांडवल गुंतवणाऱ्या कंपन्यांना करात भरघोस सवलत मिळू लागली आणि अनेकांनी पशुपालन निवडले. फोक्सवॅगन या मोटार कंपनीनेही पारा राज्यात सुमारे १,४०,००० हेक्टरांचे गोठाण उभारले!

४/ १९७० मध्ये ईशान्य ब्राझीलमध्ये भीषण दुष्काळ पडला. राष्ट्राध्यक्ष मेदिसी यांनी तेथील भूमिहीनांना ॲमेझॉनमध्ये वसवण्यासाठी महामार्गाची घोषणा केली. जमिनीची फेरवाटणी करण्यापेक्षा अरण्य वाटणे सत्तेला सोपे होते.

५/ मग गुरेच का? कारण जंगल तोडणे हा जमीन ‘वापरात’ आणल्याचा पुरावा मानला जाई. झाडे तोडायची, वाळली की पेटवायची, गवत पेरायचे आणि गुरे सोडायची. पिकाला मजूर आणि गोदामे लागतात; गुरे बाजारापर्यंत स्वतः चालत जातात. गाय ही जमिनीवरील हक्काची जिवंत खूण ठरली.

६/ यातून वातावरणावर दुहेरी भार पडला. झाडांनी शतकानुशतके साठवलेला कर्ब आगीत मोकळा झाला. शिवाय रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात आणि तो ढेकरांवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन सत्तावीस-अठ्ठावीस किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो.

७/ याची पहिली किंमत मोजली ती अरण्यात राहणाऱ्यांनी. आक्रे राज्यातील शिकू मेंदेस हा रबराचा चीक गोळा करणारा कामगार. तो आणि त्याचे सहकारी बायकामुलांसह करवतींपुढे उभे राहत. २२ डिसेंबर १९८८ रोजी शापुरी येथे घराच्या मागच्या दारात त्याला गोळी घालण्यात आली. दोषी ठरले एक गुरांचा मालक आणि त्याचा मुलगा.

८/ हे सारे अटळ होते का? आकडे पाहा. २००४ मध्ये ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये सुमारे २७,७०० चौरस किलोमीटर जंगल तुटले. त्याच वर्षी सरकारने कृती आराखडा आणला: उपग्रहांची नजर, दंड, नवी संरक्षित क्षेत्रे. २००८ मध्ये बेकायदा तोड करणाऱ्यांचे कर्ज रोखणारा नियम आला; २००९ मध्ये मोठ्या मांस कंपन्यांनी तोडलेल्या जंगलातील गुरे न घेण्याचे मान्य केले. २०१२ मध्ये तोड सुमारे ४,६०० चौरस किलोमीटरांवर आली.

९/ पुढे पकड सैल झाली आणि २०२१ मध्ये हाच आकडा पुन्हा १३,००० वर गेला. ओंगोलचे वंशज तेच होते, त्यांचे पोटही तेच. बदलले होते ते शासनाचे धोरण.

१०/ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये मानवनिर्मित हरितगृह वायूंतील पशुपालनाचा वाटा १४.५ टक्के सांगितला. त्या आकड्याकडे पाहताना आपण ताटाकडे बोट दाखवतो, आणि ते चूक नाही. पण ॲमेझॉनमधील धुरामागे करसवलतीचा कागद, जमिनीचा दावा आणि टाळलेली फेरवाटणीही आहे. जे कागदाने घडवले, ते कागदाने आवरताही येते. २००४ ते २०१२ ही आठ वर्षे त्याची साक्ष आहेत.

धागा समाप्त.