संगणक-पुस्तके, जुनी : जतन

छपाई थांबलेल्या, जुन्या संगणकांसाठीच्या प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकांचे जतन. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये बीबीसी मायक्रो (१९८१) आणि झेडएक्स स्पेक्ट्रम (१९८२) हे संगणक घरोघरी पोचले. स्पेक्ट्रमची परवानाप्राप्त आवृत्ती भारतातही ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकली गेली. प्रोग्रॅम पुस्तकातून पाहून ओळीओळीने टंकायचा, मग कॅसेटवर साठवायचा, अशी तेव्हाची रीत. अस्बोर्न या प्रकाशनसंस्थेने मुलांसाठी काढलेली सचित्र पुस्तके विशेष गाजली. ‘मशीन कोड फॉर बिगिनर्स’ (१९८३) हे त्यांपैकीच. यंत्रभाषेसारखा रुक्ष विषय त्यात छोट्या यंत्रमानवांच्या चित्रांतून समजावला आहे.

संगणक कालबाह्य होताच पुस्तके रद्दीत गेली. स्वस्त कागद पिवळा पडतो, डिंकाची बांधणी उसवते. पाने स्कॅन करणे त्या मानाने सोपे. खरी डोकेदुखी प्रोग्रॅमच्या मजकुराची. अक्षरओळख करणारी प्रणाली शून्याला इंग्रजी ‘ओ’ समजते, एकाला ‘एल’. गोष्टीच्या पुस्तकात असली चूक खपून जाते. पण बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ‘डेटा’ ओळीतला एक स्वल्पविराम गळला तरी प्रोग्रॅम अडतो. म्हणून उतरवलेला मजकूर एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रणालीवर, चालवून तपासतात. मूळ छपाईतच चूक असेल, तर ती तशीच ठेवून दुरुस्ती वेगळी नोंदवणे इष्ट.

दुसरा अडसर स्वामित्वहक्काचा. ब्रिटनमध्ये तो लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. प्रकाशनसंस्था मात्र त्याआधीच बुडते किंवा विकली जाते, आणि परवानगी मागायची कोणाकडे हेच कळत नाही. अस्बोर्नने आपली काही जुनी पुस्तके स्वतःहून मोफत पीडीएफ स्वरूपात उपलब्ध करून दिली, हा सुखद अपवाद.