अपशिंगे (मिलिटरी)

अपशिंगे (मिलिटरी) हे भारताच्या महाराष्ट्र राज्यातील सातारा जिल्ह्यातील एक गाव आहे. येथील अनेक कुटुंबांत पिढ्यानपिढ्या सैन्यात भरती होण्याची परंपरा असून, त्यावरूनच गावाच्या नावास ‘मिलिटरी’ हा शब्द जोडला गेला.

इतिहास

पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) ब्रिटिश भारतीय सैन्यातून लढताना या गावातील ४६ सैनिकांना वीरमरण आले. त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिश सरकारने गावात स्मृतिस्तंभ उभारला. स्वातंत्र्यानंतर १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही गावातील जवानांनी भाग घेतला.

वारसा

आजोबा, वडील व मुलगा अशा सलग पिढ्यांनी सैन्यात सेवा केलेली घरे येथे आढळतात. सैन्यभरती मात्र वंशपरंपरेने होत नाही. प्रत्येक पिढीतील उमेदवारास शारीरिक, वैद्यकीय व लेखी चाचण्या उत्तीर्ण व्हाव्या लागतात. त्यामुळे ही परंपरा मुख्यतः घरातील संस्कार आणि माजी सैनिकांच्या अनुभवातून टिकून राहते. पुरुष सेवेत असताना शेती व घराची जबाबदारी प्रामुख्याने स्त्रिया आणि वृद्धांवर येते. त्यांचा हा सहभाग स्मृतिस्तंभावर नोंदला जात नसला, तरी तो या वारशाचाच भाग आहे.