अरबी, फारसी, संस्कृतमध्ये पीएचडी करायची आहे? अर्जाआधी हे वाचा

युरोप-अमेरिकेत ‘क्लासिकल स्टडीज’ म्हटलं की ग्रीक आणि लॅटिन. आपल्याकडे त्या जागी संस्कृत, पाली, प्राकृत, अरबी आणि फारसी येतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली यांना अभिजात दर्जा दिला आणि अभिजात भाषांची यादी अकरावर गेली. फारसी त्या यादीत नाही, अरबीही नाही. पण यूजीसी-नेटमध्ये दोन्ही स्वतंत्र विषय आहेत, आणि पीएचडीच्या अर्जासाठी तेच महत्त्वाचं.

घरात उर्दू, बाहेर मराठी, मकतबात अरबी. लालबाग-परळपासून भायखळ्यापर्यंतच्या आपल्या मुलांना हे सगळं फुकट मिळालेलं असतं, म्हणून त्याची किंमत कळत नाही. निजामशाही, आदिलशाही, शिवकाल, पेशवाई यांचे कागद फारसीत आणि मोडीत आहेत. दोन्ही वाचणारा माणूस सहज सापडत नाही. उर्दू येणाऱ्याला फारसीची लिपी नव्याने शिकावी लागत नाही आणि मराठी येणाऱ्याला मोडी काही महिन्यांत जमते. आणि भाषा कुणाच्या मालकीची नसते. मूळचे सोलापूर जिल्ह्यातले पंडित गुलाम दस्तगीर बिराजदार यांनी वरळीच्या शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवलं. २०२१ मध्ये त्यांचा इंतकाल झाला तेव्हा देशभरातल्या संस्कृतवाल्यांनी त्यांची आठवण काढली.

पात्रता

यूजीसीचे सध्याचे पीएचडी नियम नोव्हेंबर २०२२ चे आहेत. एमएला किमान ५५ टक्के हवेत. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट अर्ज करायचा तर ७५ टक्के. ओबीसी (नॉन-क्रिमी लेयर), एससी, एसटी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस यांना ५ टक्के सवलत मिळू शकते. आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, तरी दाखला काढलेला नसतो. तो आधी काढा. नेटसाठी केंद्राच्या यादीनुसार आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. राज्याचा दाखला आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

मदरशातून आलिम किंवा फाजिल झालेल्यांचा प्रश्न वेगळा. त्या सनदेवर थेट पीएचडीला प्रवेश मिळत नाही, एमए लागतंच. अलिगढ, जामिया मिलिया आणि हैदराबादचं मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ (मानू) ठराविक मदरशांच्या सनदा पदवीच्या प्रवेशाला मान्य करतात. मात्र प्रत्येकाची यादी वेगळी असते, आपल्या मदरशाचं नाव त्यात आहे का ते प्रवेशाआधी बघा. नोकरी करणाऱ्यांसाठी मानूचे दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत.

नेट: खरा खेळ इथे

पूर्वी अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती. २०२२-२३ पासून केंद्राने ती बंद केली. जुन्यांची चालू राहिली, नव्यांना दार बंद. कित्येक घरांत अजून “फेलोशिप मिळेल ना” या भरवशावर एमए चाललंय, म्हणून हे स्पष्ट सांगितलेलं बरं. आता मोठा आधार एकच: नेटमधून मिळणारी जेआरएफ. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडे भत्ता. राज्य सरकारने २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ या संस्थेला मंजुरी दिली आहे, तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पण जाहिरात हातात येईपर्यंत घराचा हिशोब तिच्यावर मांडू नका.

परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रात. दोन पेपर सलग, तीन तास, १५० प्रश्न, ३०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जून २०२४ पासून निकालाचे तीन गट लागतात. वरचा गट जेआरएफ. मधला सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएचडी प्रवेश. खालचा फक्त पीएचडी प्रवेश. खालच्या दोन्ही गटांत फेलोशिप नाही, आणि प्रवेशासाठी तो निकाल एकच वर्ष चालतो. तिथे नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. ‘नेट पास’ ऐकून मिठाई वाटण्याआधी कोणता गट ते विचारा!

वयाचंही बघा. जेआरएफला साधारण ३० वर्षांची मर्यादा आहे. महिलांना आणि ओबीसींना पाच वर्षांची सूट. लग्न-बाळंतपणात शिक्षण थांबलेल्या आपल्या मुलींसाठी ही पाच वर्षं फार मोठी आहेत. पीएचडीतही महिलांना मुदतीत दोन वर्षं जास्त आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा मिळते. नोकरीवाल्यांना मालकाचं ना-हरकत पत्र आणून अर्धवेळ पीएचडी करता येते.

मुंबई विद्यापीठाची स्वतःची ‘पेट’ परीक्षाही आहे. अशा परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे असतात, भाषा कितीही पक्की असली तरी तो भाग वेगळा वाचावा लागतो. कोणत्या वर्षी कोणता मार्ग लागू, ते त्या वर्षीच्या सूचनेत वाचा, शेजारच्या भाईजानच्या आठवणीवर जाऊ नका.

मार्गदर्शक आणि विषय

एका वेळी प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायकाकडे चार विद्यार्थी. भाषांचे विभाग लहान असतात, म्हणून पास होऊनही जागा नसते. अर्ज उघडायच्या आधीच कलिन्याला विभागात जाऊन कुणाकडे जागा आहे आणि प्रबंध कोणत्या भाषेत लिहायचा, हे विचारून या.

विषय जेवढा मोठा, तेवढा मुलाखतीत माणूस उघडा पडतो. ‘फारसी साहित्याचा इतिहास’ हा विषय नाही, कपाट आहे. त्याऐवजी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या ‘योगसंग्राम’मधले अरबी-फारसी शब्द घ्या. किंवा शिवकाळातल्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने कोणते फारसी शब्द बदलायला घेतले आणि त्यांतले कोणते मराठीत आजही टिकले, ते तपासा. असे विषय उर्दू-मराठी दोन्ही येणाऱ्यालाच नीट पेलतात. आराखड्यात प्रश्न काय, मूळ ग्रंथ किंवा कागद कुठे आहे, आधी कोणी काय काम केलंय आणि आपण नवीन काय बघणार, एवढं साफ लिहा. पाल्हाळ नको.

मूळ कागद शोधायला फार लांब जायला नको. विद्यापीठाच्या फोर्टमधल्या ग्रंथालयात अरबी, फारसी, उर्दू हस्तलिखितं आहेत आणि त्यांची वर्णनात्मक सूची १९३५ मध्येच छापली गेली. आसफ फैजींनी दिलेल्या इस्माइली हस्तलिखितांचा संग्रहही विद्यापीठाकडे आहे. टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी, जवळच के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट, जामा मशिदीत मुहम्मदिया कुतुबखाना. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेख खातं आहे, त्यांच्याकडून मोडीचे वर्गही होतात. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. जाण्याआधी ओळखपत्र आणि विभागप्रमुखांचं पत्र घेऊन ठेवा.

कागदपत्रं

आपल्याकडे घोळ होतो तो नावात. दहावीच्या सनदेवर ‘शेख’चं स्पेलिंग एक, आधारवर दुसरं. कुठे ‘मोहम्मद’, कुठे नुसतं ‘मोहं.’. लग्नानंतर मुलीचं आडनाव बदललेलं. नेटचा अर्ज दहावीच्या नावाप्रमाणे भरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. फरक मोठा असेल तर राजपत्रात नाव बदलून घ्यावं लागतं. हे काम चर्नी रोडच्या शासकीय मुद्रण संचालनालयाकडे असतं आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. याला वेळ लागतो, म्हणून एमएच्या शेवटच्या वर्षातच सुरुवात करा. एमए दुसऱ्या विद्यापीठातून असेल तर तिथलं मायग्रेशन सर्टिफिकेटही तेव्हाच मागून ठेवा.