पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम (गेम बॉय)

जपानमध्ये 1996 साली आलेल्या पोकेमॉन पत्त्यांच्या खेळाची हातात मावणारी व्हिडिओ आवृत्ती. हडसन सॉफ्ट आणि क्रीचर्स यांनी ती घडवली. निन्टेन्डोने डिसेंबर 1998 मध्ये जपानात आणि 2000 मध्ये अमेरिका-युरोपात आणली.

अडचण जागेची होती. पडदा जेमतेम 160 × 144 बिंदूंचा, त्यावर छापील पत्त्यावरचा मजकूर मावणार कसा? म्हणून डावात फक्त लढणारे पोकेमॉन समोर ठेवले आणि पत्त्याचा तपशील बटण दाबल्यावर उघडणाऱ्या वेगळ्या पानावर नेला. 60 पत्त्यांचा डेक पिसणे, छापा-काटा करणे, नुकसान मोजणे ही कामे यंत्राने उचलली. नियम शिकणाऱ्या मुलांना याचा मोठा आधार झाला.

यंत्राच्या बळावर कागदावर अवघड ठरणारे पत्तेही रचता आले. खास याच खेळातल्या झॅपडॉस या पोकेमॉनच्या पत्त्यावरचा ‘बिग थंडर’ हल्ला स्वतःखेरीज कोणत्याही एका पोकेमॉनवर, मग तो आपल्याच बाजूचा का असेना, अवचित कोसळतो आणि 70 नुकसान करतो. ही कल्पना सर्वांत धाडसी म्हणावी लागेल.

गेम बॉय कलरची दोन यंत्रे समोरासमोर धरली, की ‘कार्ड पॉप’मध्ये इन्फ्रारेड किरणांद्वारे दोन्ही खेळाडूंना नवा पत्ता मिळे. 2001 मध्ये निघालेला दुसरा भाग मात्र जपानबाहेर अधिकृतपणे विकला गेला नाही.